शीतकालीन क्षुधा आणि लोकसमूहांचे वैविध्य

विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत हिवाळा सुरू होताच कित्येक व्यक्तींना गोड व पिष्टमय पदार्थांची अनिवार इच्छा होते; निद्रा व वजन वाढते आणि मन खिन्न होते. या लक्षणसमूहाचे शास्त्रीय वर्णन नॉर्मन रोझेन्थल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. अशा क्षुधेस केवळ असंयम म्हणणे तेव्हापासून युक्त राहिले नाही.

दिवस आखूड होणे हेच या विकाराचे एकमेव कारण मानले, तर आइसलंडमध्ये त्याचे प्रमाण फार मोठे असावयास हवे. तेथील रेक्याविक नगरात डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस जेमतेम चार तासांचा असतो. परंतु १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील प्रमाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रमाणाहून कमी आढळले. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात वसलेल्या आइसलंडी वंशजांतही हा विकार अल्प प्रमाणातच दिसून आला. आनुवंशिक अनुकूलन हे याचे एक कारण संभवते. आइसलंडी आहारातील विपुल मासळीकडेही काही संशोधकांनी लक्ष वेधले आहे.

या विकारावर सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्स तीव्रतेचा प्रकाश घेण्याचा उपचार वैद्यांच्या सल्ल्याने केला जातो. विषाद ओसरला म्हणजे पुष्कळदा खाण्याची ओढही मंदावते. तात्पर्य, एका लोकसमूहावरून बांधलेला नियम अखिल मानवजातीस लावणे धोक्याचे होय. आहारावर कठोर निर्बंध घालण्यापूर्वी ही भूक कोणाची आणि कशामुळे उद्भवली, याचा विचार होणे अगत्याचे आहे.