चाक किती फिरले?

मृगाचा पाऊस पडून मोताळ्याच्या काळ्या रानात तिफण चालू लागली, की बियाणे किती पडायचे हे चाड्यावरची मूठ ठरवत असे. मूठ सरावाची असली तर पेर सारखी होई. नसली तर कोठे दाटी होई, तर कोठे नांग्या भरण्याची पाळी येई. ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राने हे काम मुठीकडून काढून चाकाकडे दिले. जमिनीवर लोळत जाणारे चाक साखळीने पेटीतली तबकडी फिरवते आणि चाकाच्या ठराविक फिरण्यामागे ठराविक दाणे खाली पडतात. याहून पुढच्या काही यंत्रांत साखळीही नसते. चाकाला एनकोडर जोडलेला असतो. चाक फिरेल तसे तो विजेचे स्पंद, म्हणजे पल्स, पाठवतो. मायक्रोकंट्रोलर ते मोजतो आणि वेळ आली की लहान मोटारीकडून दाणा सोडवतो.

स्पंद मोजायचे म्हणजे एक, दोन, तीन म्हणत जायचे, त्यात अवघड ते काय, असे प्रथम वाटते. अवघड आहे ते वेगळ्याच ठिकाणी. ही मोजणी म्हणजे एक चालती बेरीज असते. तिच्यात एकदा शिरलेली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात राहते. ती आपोआप निघून जात नाही.

शाळेत करता येईल असे एक उदाहरण घेऊ. शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना नीती आयोगाने २०१६ साली सुरू केली. अशी प्रयोगशाळा असेल तर आर्डुइनो उनो हे पाटे आणि पिवळ्या मोटारीची खेळण्यातली चाके बहुधा मिळतील. असे चाक साधारण ६.५ सें.मी. व्यासाचे असते, म्हणजे त्याचा परिघ सुमारे २०.४ सें.मी. झाला. त्याच्या आसावर २० खाचांची एक चकती बसवतात. चकतीच्या एका बाजूला अवरक्त प्रकाशाचा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा संवेदक असतो. खाच समोर आली की प्रकाश पोहोचतो, दात आला की अडतो. एका फेऱ्यात २० स्पंद, म्हणून एका स्पंदामागे चाक सुमारे एक सें.मी. पुढे सरकते.

आता चाक थांबवा, पण असे की दाताची कड नेमकी प्रकाशाच्या वाटेत येईल. टेबलाला जरा धक्का लागला किंवा शेजारून कोणी चालत गेले, की कड थरथरते आणि प्रकाश येतो-जातो, येतो-जातो. चाक जागेवरच आहे, आकडा मात्र पुढे पळतो! चाक उलटे फिरवले तरीही आकडा वाढतच राहतो, कारण एकट्या संवेदकाला पुढे-मागे कळतच नाही.

यावरचा उपाय पाहायचा असेल तर भंगारात पडलेला जुना, खाली गोळी असलेला माऊस उघडावा. त्यात बारीक खाचांच्या दोन चकत्या दिसतील, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येक चकतीसमोर प्रकाश ओळखणारे एक नव्हे तर दोन डोळे असतात. त्यांतले अंतर असे ठेवलेले असते की एकाचा स्पंद दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे पडावा. विद्यार्थ्यांना हे हाताळायला द्यावे. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ते लवकर समजते.

या दोन संवेदकांना अ आणि ब म्हणू. प्रकाश आला तर १, अडला तर ०. चाक पुढे जाताना अ-ब या जोडीची रूपे ००, १०, ११, ०१ आणि पुन्हा ०० अशी येतात. मागे जाताना हाच क्रम उलटा होतो. दर पावलाला दोहोंपैकी एकच आकडा बदलतो. त्यावरून एक सोपा नियम मिळतो. अ बदलला आणि बदलानंतर अ व ब वेगळे असले, तर चाक पुढे गेले. सारखे असले तर मागे. ब बदलला तर हाच नियम उलटा लावायचा. पुढे गेले तर गणतीत एक मिळवायचा, मागे गेले तर एक वजा करायचा.

मघाची थरथर आता या नियमाने तपासून पाहा. जोडी ०० वर आहे आणि अ ची कड हलते आहे. ०० ची १० झाली: अ बदलला, दोघे वेगळे, म्हणून अधिक एक. १० ची पुन्हा ०० झाली: अ बदलला, दोघे सारखे, म्हणून वजा एक. बेरीज शून्य. दुसरा संवेदक दिशेसाठी लावतात असे सर्वत्र सांगितले जाते, ते खरेच आहे. पण आम्हाला त्याचा हा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो. शिवाय एका खाचेमागे आता चार पावले मिळतात. एका फेऱ्यात ८० पावले, म्हणजे दर पावलाला सुमारे अडीच मिलिमीटर.

आणखी एक गोष्ट या जोडीतून कळते. ०० वरून एकदम ११ दिसले, तर मधले एक पाऊल नक्कीच हुकले आहे. चाक कोणत्या दिशेने गेले हे त्यावरून सांगता येत नाही, पण हुकले एवढे तरी समजते.

पावले हुकतात ती का? उनोवरील मायक्रोकंट्रोलरचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर पावले होतात फक्त १६०. म्हणजे एका पावलामागे एक लाख ठोके हाताशी असतात. वेग कमी पडत नाही, लक्ष दुसरीकडे असते. पडद्यावर आकडा लिहून अर्धा सेकंद थांब, असे प्रोग्रॅममध्ये लिहिले की तेवढ्यात ८० पावले निघून जातात. म्हणून मोजणी इंटरप्टवर सोपवतात. गुरुजी वह्या तपासत असताना शिपाई सूचनेची वही घेऊन येतो, तेव्हा ते तपासत असलेल्या ओळीवर बोट ठेवतात, सही करतात आणि त्याच ओळीपासून पुढे सुरू करतात. इंटरप्टही असाच. उनोवर बाहेरून इंटरप्ट देण्यासाठी दोन खास पिना आहेत, क्रमांक २ आणि ३. एका चाकाच्या अ आणि ब यांना त्या पुरतात.

गणती साठवण्याची जागाही पाहून घ्यावी. उनोवर साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच जातो. पुढच्या पावलाला तो उणे ३२,७६८ होतो. आपल्या चाकाला हे सुमारे ८३ मीटरवर घडेल. वर्गात कोणाच्या लक्षात येणार नाही, पण कपाशीच्या लांब तासात यंत्र मध्येच बिघडल्यासारखे वागेल. म्हणून मोठा, चार बाइटचा पूर्णांक घ्यावा. तो घेतला की नवी खोच निघते. हा मायक्रोकंट्रोलर एका वेळी एकच बाइट वाचतो. गणती २५५ असताना त्याने खालचा बाइट वाचला, २५५. तेवढ्यात इंटरप्ट येऊन गणती २५६ झाली. आता वरचा बाइट वाचला, तो १. दोन्ही जोडून आकडा निघतो ५११! म्हणून गणती वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करतात आणि लगेच चालू करतात.

चाक ४०० व्या पावलावर थांबवायचे आहे असे समजू. ४०० आले की मोटार बंद केली, तर चाक आपल्या वेगाने पुढे घरंगळते. म्हणून किती पावले उरली ते दर क्षणी काढून त्या प्रमाणात मोटारीला जोर देतात. अंतर उरेल तसा जोर कमी होत जातो. चाक पुढे गेलेच, तर उरलेली पावले ऋण होतात आणि मोटार उलटी फिरते. पण अगदी जवळ आल्यावर जोर इतका कमी पडतो की मोटार नुसती गुणगुणते आणि चाक दोन-तीन पावले अलीकडेच अडते. घर्षण मोडण्यापुरता किमान जोर ठेवावा आणि एका पावलाचा फरक चालवून घ्यावा. तोही चालवून घेतला नाही तर चाक पुढे-मागे डुलतच बसते.

हे सारे नीट जमले तरी मोजले जाते ते चाकाचे फिरणे, जमिनीवरचे अंतर नव्हे. मंगळावरील ऑपॉर्च्युनिटी या गाडीला २६ एप्रिल २००५ रोजी ९० मीटर जायचे होते. सुमारे ४० मीटरवर तिची चाके वाळूच्या एका उंचवट्यात रुतली आणि उरलेल्या अंतराचे फेरे जागच्या जागी फिरत राहिली. चाकांच्या हिशेबी प्रवास पुरा झाला होता. गाडी बाहेर निघाली ती ४ जूनला.

पेरणीयंत्रात उलटे घडते. त्याचे चाक मोटारीने फिरत नाही, ते ओढले जाते. ओल्या काळ्या मातीत ते न फिरताच घसटत गेले, तर गणती कमी भरते आणि दाणे लांब लांब पडतात. चाकाला चिखल थापला गेला की त्याचा परिघ वाढतो आणि दर मीटरला पावले कमी येतात, तेव्हाही परिणाम तोच. म्हणून परिघाचे गणित केवळ सुरुवातीपुरते धरावे. २० मीटरची दोरी ताणून यंत्र तेवढे प्रत्यक्ष ओढावे आणि किती पावले भरली ते वहीत लिहावे. मुलांना हाच प्रयोग शाळेच्या फरशीवर, मैदानातल्या मातीवर आणि ओल्या वाळूवर प्रत्येकी पाच वेळा करायला सांगावा. वाळूवरचे पाच आकडे आपसांतही जुळणार नाहीत, आणि ते का, हे मुलांना विचारावे.