ते दोघं कोण हो, ताई?

2023 चा सप्टेंबर आठवतो ना, मैत्रिणींनो? आपला जालना जिल्हा रोज टीव्हीवर दिसत होता. अंतरवाली सराटीतला लाठीमार 1 सप्टेंबरचा. मनोज जरांगे यांचं उपोषण सुटलं 14 तारखेला. एसटीत, पिठाच्या गिरणीवर, दवाखान्याच्या रांगेत एकच शब्द ऐकू यायचा, आरक्षण. अशातच 19 तारखेला गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी, 20 सप्टेंबरला, लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. बाजूने 454 मतं, विरोधात फक्त 2.

21 तारखेला आमच्याकडे महालक्ष्म्या यायच्या होत्या. मुखवटे काढायचे, साड्या नेसवायच्या, दुसऱ्या दिवशीच्या भाज्यांची जुळवाजुळव करायची. पेपर हातात घ्यायला दुपार उजाडली. बातमी वाचून खूप आनंद झाला. लोकसभेत आणि विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा! घरात येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावता लावता मी तेच सांगत होते.

महालक्ष्म्या उठल्यावर पुढच्या सोमवारी जालन्याजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. तिथेही मी उत्साहाने बातमी सांगितली. तेवढ्यात एका आजींनी विचारलं, "ते विरोधातले दोघं कोण हो, ताई?"

मी म्हटलं, "एक हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी आणि दुसरे आपले शेजारीच, औरंगाबाद मतदारसंघाचे खासदार इम्तियाज जलील."

"अगं बाई! आन् कामून विरोध केला त्यायनं?"

खरं सांगू का? कारण मी पेपरात वाचलं होतं, पण सांगायची इच्छा नव्हती. मनात राग होता. तरी सांगितलं. त्यांच्या एमआयएम पक्षाचं म्हणणं असं की या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांसाठी आतल्या राखीव जागा आहेत, पण ओबीसी आणि मुस्लीम महिलांसाठी नाहीत. म्हणून त्यांनी विरोधात मत दिलं. ओबीसी आणि मुस्लीम महिलांसाठी दोन खासदार तरी लढत होते हे देशाला कळावं, असं नंतर ओवेसी म्हणाले.

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. "आयत्या चांगल्या कामात आडवं यायचं," कुणीतरी म्हणालं. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या भाभी बोलल्या. एरवी त्या हप्ता भरून गुपचूप बसतात. त्या म्हणाल्या, "ताई, मी ग्रामपंचायतीत सदस्य झाले, कारण माझी जागा ओबीसी महिलेसाठी राखीव होती. नुसती महिला राखीव असती तर मला कुणी उभं केलं असतं का?"

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. उत्तर आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

खरंच की! ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद इथे ओबीसी महिलांच्या जागा आपण कित्येक वर्षं पाहतो आहोत. महाराष्ट्रात 2011 पासून या संस्थांमध्ये बायकांना निम्म्या जागा आहेत. जे गावात चालतं ते दिल्लीत का चालू नये? 2019 ला लोकसभेच्या 543 जागांवर 78 महिला निवडून आल्या. त्यांतल्या मुस्लीम महिला होत्या फक्त दोन. भाभींचा प्रश्न हवेतला नव्हता.

पण दुसरी बाजूही आहेच. हे विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं 1996 ला. 2010 मध्ये ते राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत अडकून पडलं. 'आरक्षणात आरक्षण' या वादावरच ते वारंवार अडलं. 27 वर्षं गेली! आमच्या गटातली एक शिकलेली सून म्हणाली, "आधी दार तर उघडू द्या, मग कोण कोण आत येतं ते बघू." मलाही तसंच वाटतं. मी खासदार असते तर बाजूनेच मत दिलं असतं. पण भाभींसमोर बसून ते म्हणताना माझा आवाज जरा खाली आला, हे कबूल करते.

आणखी एक गंमत बघा. ओबीसी महिलांना जागा द्या, असं सोनिया गांधीही त्याच चर्चेत म्हणाल्या होत्या. त्यांनी मत दिलं बाजूने. मागणी तीच, मत मात्र उलटं. म्हणजे पुढारी बाजूने की विरोधात, एवढं कळून भागत नाही. का, ते विचारावं लागतं. आणि बाजूने असणाऱ्याला तर जास्तच विचारावं लागतं, कारण त्याला कुणी जाब विचारत नाही.

या कायद्याचंच बघा. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना आणि त्यानंतर आरक्षण, अशी अट त्यात घातली. त्यामुळे 2024 च्या दोन्ही निवडणुका त्याच्याविनाच झाल्या. महाराष्ट्रातल्या 48 खासदारांत 7 महिला आल्या. जालना लोकसभा मतदारसंघातून आजवर एकही बाई निवडून गेलेली नाही. 2024 ला जिल्ह्याने पाच आमदार निवडले, पाचही पुरुष. शेजारच्या बीडने मात्र केशरकाकू क्षीरसागर, रजनी पाटील, प्रीतम मुंडे अशा तिघींना लोकसभेत पाठवलं, तेही आरक्षण नसताना. तिकीट द्यायला कायद्याची वाट बघावी लागत नाही, मैत्रिणींनो.

जलील 2024 ला हरले. त्यांचं मत मला पटलं नाही, पण त्यांनी कारण उघड सांगितलं. आपल्या दारात हात जोडून येणाऱ्या किती जणांची मतं आपल्याला माहीत असतात? मी स्वतः वीसेक वर्षं मतदान करते आहे. घरात जे ठरेल त्या चिन्हावर बोट दाबून येत होते. एकदाही कुणाला काही विचारलं नव्हतं. समाजकार्य करणारी म्हणवते मी!

त्या बैठकीनंतर आम्ही गटाच्या हप्त्याच्या वहीत मागची दोन पानं राखून ठेवली. शंभर रुपयांचा हप्ता चुकला तर आपण लाल शाईने लिहितो. मग आमदार-खासदार काय बोलले आणि त्यांनी काय केलं, हे का लिहू नये? तारीख, विषय, बोलणं आणि पुढे काय झालं, असे चार रकाने आखले. विषय आमचेच. पाण्याचा टँकर, कापसाचा भाव, दारूचं दुकान, आरक्षण.

2024 ला प्रचाराला आलेल्या एका कार्यकर्त्याला आजींनीच विचारलं, "तुमच्या पक्षानं जिल्ह्यात किती बायांना तिकीट दिलं, बाबा?" तो हसला, "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला आणि गेला. भाभींनी वहीत लिहिलं, 'उत्तर आलं नाही.'

तो रकाना अजून तसाच आहे. पुढच्या वेळी आधी तोच वाचून दाखवणार आहोत. तुमच्या गावात, तुमच्या गटात तुम्ही काय विचारलंत? मला जरूर कळवा.