तसबीर टिकावी कशी ?

सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णामाई कोपली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांवर चढलें. आमच्या धाकट्या बंधूंच्या घरचें तळमजल्यावरील कपाट त्यांत बुडालें. माणसें सुखरूप राहिलीं ही ईश्वराची कृपा. पण मातोश्रींच्या तसबिरींचा लगदा झाला. एकच काय ती आमच्या साताऱ्याच्या घरीं उरली होती. तिच्यावरून एक मोठी प्रत छापवून आम्हीं सांगलीस धाडली. चौथ्या वर्षीं पाहतों तों कुंकू पिंगट आणि चेहरा फिका ! “दादा, आई दुसऱ्यांदा गेली हो,” असें बंधू म्हणाले, तें आमच्या जिव्हारीं लागलें.

चौकशी करतां कळलें कीं, शाई व कागद यांचा मेळच बसला नव्हता. शाईचे सूक्ष्म थेंब उडवून चित्र उठविणाऱ्या इंकजेट यंत्राची शाई दोन जातींची असते. डाय शाईंत रंग विरघळलेला असतो. ती तेजस्वी दिसते, परंतु ऊन, ओल आणि हवेंतील ओझोन वायु यांपुढें बहुधा लवकर हार खाते. पिग्मेंट शाईंत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ती अधिक टिकाऊ.

कागदाचेंही तसेंच. ‘झटपट वाळणाऱ्या’ चकचकीत कागदावर सूक्ष्म छिद्रांचा लेप असतो. डाय शाई त्यावर चटकन वाळते खरी. पण त्याच छिद्रांतून ओझोन शिरतो आणि रंग खातो. आमची प्रत याच जातीची, आणि कांचेवांचून टांगलेली. सरसासारखा फुगणारा लेप डाय शाईस पोटांत घेऊन जपतो. मात्र त्यास पाणी सोसत नाहीं, म्हणून नदीकांठच्या घरीं तो नको.

पिढ्यान् पिढ्या ठेवावयाच्या चित्रास पिग्मेंट शाई आणि इंकजेटचा लेप दिलेला, कापसाच्या तंतूंचा आम्लरहित कागद हीच जोडी उत्तम. यांत नवें तें काय ? मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, तो मूळ कागद शंभराहून अधिक वर्षें तगले म्हणूनच. तो हातकागद लाकडाच्या लगद्याचा नव्हता. आणि बोरूची काजळी शाई म्हणजे तरी काय? कणांचीच शाई !

खरेदी करतांना वजनावर भुलूं नये. जाडी म्हणजे आयुष्य नव्हे. डोळे दिपविणारी शुभ्रता पुष्कळदां उजळक द्रव्यांची असते. तीं निष्प्रभ होतांच कागद पिवळट दिसूं लागतो. वेष्टनावरील ‘१०० वर्षें’ हा प्रखर प्रकाशांतील अल्पकाळच्या परीक्षेवरून बांधलेला अंदाज असतो, आणि तो ठराविक शाईपुरताच खरा. कोणत्या शाईनें छापणार, हें दुकानदारास आधीं स्पष्ट विचारावें.

छापलेलें चित्र एक दिवस उघडें वाळूं द्यावें. चौकटींत कांच चित्रास टेकूं नये, ऊन टाळावें, पीव्हीसीच्या पिशव्या वर्ज्य कराव्या.

आतां आम्हीं दोन प्रती करविल्या आहेत. एक साताऱ्यास, दुसरी सांगलीस, पण माडीवर. पाठीमागें पेन्सिलीनें नांव, नातें आणि साल लिहिलें आहे. कागद कितीही टिकला, तरी ‘ही कोण ?’ याचें उत्तर त्यास देतां येत नाहीं. तें आपणच लिहून ठेविलें पाहिजे.