बुश निघत का नाही?

मालाने भरलेला छोटा ट्रक खड्ड्यातून गेला, की कधी कधी खालून 'खट्' असा आवाज येतो. मेकॅनिक गाडीखाली डोकावून सांगतो, "पाट्यांचे बुश गेलेत, बदलावे लागतील." नवा बुश मुठीत मावेल एवढा असतो. परंतु जुना काढताना सगळा दिवस जाऊ शकतो. घरच्या घरी हे काम करणारे घण घालून घालून दमतात आणि बुश मात्र जागचा हलत नाही. असे का होते? याचे उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या घर्षण, दाब आणि उष्णता या तीन प्रकरणांत आहे.

बुश असतो कसा?

ट्रकच्या मागच्या चाकांवर कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पाट्यांची चळत असते. मुख्य पाट्याची दोन्ही टोके गोल वळवून त्यांचा 'डोळा' केलेला असतो. या डोळ्यातून बोल्ट घालून पाटे गाडीच्या सांगाड्याला जोडतात. पोलादावर पोलाद घासू नये आणि धक्के सौम्य व्हावेत म्हणून मध्ये बुश बसवतात. लहान ट्रक व पिकअप गाड्यांत तो बहुधा तीन थरांचा असतो: बाहेर पातळ पोलादी नळी, आत जाड पोलादी नळी आणि दोहोंना घट्ट चिकटवलेले रबर. पाटे वरखाली होतात तेव्हा या नळ्या एकमेकींवर घासत नाहीत. मधले रबरच पिळले जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. वर्षानुवर्षे पिळले जाऊन, हवेतील ऑक्सिजन व ओझोनमुळे आणि तेल लागून रबर तडकते, नळीपासून सुटते. मग 'खट्' आवाज सुरू होतो.

पकड कशाची?

बाहेरची नळी डोळ्यात चिकटवलेली नसते. ती डोळ्याच्या भोकापेक्षा किंचित मोठी, मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी मोठी, बनवतात व यंत्राने दाबून बसवतात. दाबली गेलेली नळी सतत बाहेर फाकू पाहते आणि डोळ्याला रेटत राहते. या रेट्यामुळे जे घर्षण निर्माण होते, तीच तिची पकड.

आपण हिशेब करून पाहू या. समजा, नळीचा व्यास ४० मिमी आणि लांबी ५० मिमी आहे. स्पर्शाचे क्षेत्रफळ होईल ३.१४ × ४० × ५० = ६,२८० चौ. मिमी. दर चौ. मिमी.वर १० न्यूटन दाब धरला, तर एकूण रेटा ६२,८०० न्यूटन. घर्षणांक ०.१५ मानला तर नळी सरकवायला ९,४२० न्यूटन बल हवे, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतके! शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. बारीक फटीत गंज धरला, की दाबही वाढतो आणि घर्षणही.

घण का चालत नाही?

घणाचा घाव क्षणभर पुष्कळ बल देतो, हे खरे. पण घाव सहसा पुढे आलेल्या आतल्या नळीवर बसतो आणि तिच्याभोवती रबर आहे. धक्का गिळणे हेच तर रबराचे काम! ज्या गुणासाठी बुश बसवला, तोच गुण तो काढताना आडवा येतो.

हे वर्गात दाखवता येईल. लाकडात खिळा ठोका व एका घावात तो किती आत गेला ते मोजा. मग खिळ्याच्या डोक्यावर जाड खोडरबर धरून तेवढ्याच जोराचा घाव घाला. फरक लगेच दिसेल.

सावकाश ओढा

घावापेक्षा नट-बोल्टचा संथ ओढा उपयोगी पडतो. बुशमधून १६ मिमी.चा उच्च ताणाचा बोल्ट घालावा. एका बाजूला, बुश आत शिरू शकेल असा रुंद पाइपाचा तुकडा डोळ्याच्या कडेवर टेकवावा. दुसऱ्या बाजूला बाहेरच्या नळीच्या मापाचा, पण डोळ्यात शिरेल असा तुकडा ठेवावा, म्हणजे दाब थेट बाहेरच्या नळीवर येईल. दोन्हींवर जाड वॉशर लावून नट आवळत जावे.

पान्ह्याची लांबी ३०० मिमी असेल, तर एका फेऱ्यात हात १,८८४ मिमी फिरतो आणि नट फक्त २ मिमी पुढे सरकतो. म्हणजे बल ९४२ पट व्हायला हवे. प्रत्यक्षात त्यातला सुमारे दहावा भागच हाती लागतो, बाकीचा आट्यांमधील व नटाखालील घर्षणात जातो. तरीही हाताच्या १०० न्यूटन जोरातून ९,००० न्यूटनच्या वर ओढा मिळतो. आट्यांना ग्रीस लावले तर आणखी. आदल्या दिवशी गंज सोडवणारे पातळ तेल सोडून ठेवले, तर केशाकर्षणाने ते फटीत शिरते.

तरीही हलला नाही तर?

मग जोर वाढवू नये, दाबच काढून टाकावा. आधी रबरात चहूबाजूंनी ड्रिलने भोके पाडून ते मोकळे करावे व आतली नळी काढावी. मग हॅकसॉचे पाते सोडवून डोळ्यातून ओवावे, पुन्हा चौकटीत बसवावे आणि बाहेरची नळी आतल्या बाजूने लांबीच्या दिशेत कापावी. पाते डोळ्याच्या पोलादाला लागू देऊ नये. तेथे खाच पडली तर पुढे पाटा तिथेच तुटू शकतो.

एवढ्याने पकड का सुटते? गोल विहिरीच्या बांधकामात प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटून धरतो, म्हणून ते बाहेरच्या मातीचा दाब सोसते. वरपासून खालपर्यंत दगडांची एक ओळ काढली तर सगळे आत येईल. कापलेल्या नळीचेही तसेच. कडे तुटले, की रेटा नाहीसा होतो. मग छिन्नीने कड आत वळवली, की नळी हलक्या ठोक्यांनी निघते.

तापवावे का?

'कडे तापवले तर मधले भोक लहान होईल की मोठे?' हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारा. भोक मोठे होते. म्हणूनच लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतो. ४० मिमी.चे पोलादी भोक १०० अंश सेल्सिअसने तापवले तर सुमारे ०.०५ मिमी.ने वाढते. पण नळी डोळ्याला चिकटून असल्याने तीही लवकरच तापते व फुगते, आणि फायदा जातो. शिवाय रबर जळाले तर कार्बन मोनॉक्साइड व सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू निघतात, जवळच इंधनाची नळी असू शकते आणि लाल होईपर्यंत तापलेल्या पाट्याचे पाणी उतरते. म्हणून घरी ज्योत वापरू नये.

जिवाला जपून

या कामातला खरा धोका बुशचा नसून वर तोललेल्या गाडीचा आहे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. विटाही वापरू नयेत, त्या अचानक फुटतात. जमीन सपाट व टणक हवी, जमिनीवरच्या चाकांना अडण हवी आणि सांगाड्याखाली लोखंडी स्टँड हवेत. वाकलेल्या पाट्यांत ऊर्जा साठलेली असते, म्हणून आसाला वेगळा आधार दिल्याशिवाय बोल्ट काढू नये. पोलादावर घाव घालताना कपची डोळ्यात उडू शकते; चष्मा लावावा.

नवा बुश बसवताना

नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, तर ५० अंशांच्या फरकाने नळी सुमारे ०.०२ मिमी.ने आकसते. थोडेच, पण तेवढे पुरते. रबराला खनिज तेल लावू नये, त्याने नैसर्गिक रबर फुगते. साबणाचे पाणी चालते. शेवटचा बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच पूर्ण आवळावा. पाटे लोंबकळत असताना तो आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि कायम तसेच राहून लवकर फाटते.

हातोड्याचा दांडा, बाटलीचे बूच, सायकलच्या क्रँकची खुंटी, या साऱ्या वस्तू अशाच दाबातून आलेल्या घर्षणाने टिकतात. त्यांतील प्रत्येकीची पकड सोडवायची तर दाब कसा कमी करता येईल, याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल.