लक्षात ठेवलेलं उत्तर आजही खरं आहे का?

आजचा विषय संगणकाचा असला, तरी प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आठवणीवर विश्वास कधी ठेवायचा?

१९६८ साली डोनाल्ड मिची यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ‘मेमो फंक्शन’ची कल्पना मांडली. एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवायचं आणि तेच इनपुट पुन्हा आलं की गणित न करता ते द्यायचं. पण इनपुटच बदललं तर?

समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाच्या गुणांची एक बेरीज आणि त्या सगळ्यांवरून एक सरासरी, अशी ४१ गणितं झाली. पुनर्मूल्यांकनात एकाचे गुण वाढले. आता पुन्हा करायची ती फक्त दोन गणितं: त्याची बेरीज आणि वर्गाची सरासरी. उरलेल्या ३९ बेरजा जपलेल्याच वापरायच्या.

हे नीट चाललंय का, ते तपासायचं कसं? पहिली कसोटी सोपी आहे. बदलानंतर आलेलं उत्तर घ्यायचं, मग साठवलेलं सगळं पुसून तेच गणित पहिल्यापासून करायचं. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत, आणि तीही वाटेल तसे केलेल्या शेकडो बदलांपैकी प्रत्येकानंतर.

एवढ्यानं भागत नाही. त्या विद्यार्थ्याचे गणितात पाच गुण वाढले आणि इतिहासात पाच कमी झाले, तर बेरीज तीच राहते. यंत्रणेनं बदल पाहिलाच नसला, तरी उत्तर बरोबर! बर्ट्रांड रसेल यांचं बंद पडलेलं घड्याळ आठवा. नेमक्या क्षणी पाहिलं तर तेही बरोबर वेळ दाखवतं. म्हणून दुसरी कसोटी: कोणतं फंक्शन किती वेळा चाललं ते मोजायचं. इथे बेरीज एकदा चालायला हवी; ती तीच आली, म्हणून सरासरी मुळीच चालायला नको. दर वेळी ४१ गणितं होत असतील, तर उत्तर बरोबर येईल, पण जपून ठेवण्याचा उपयोग काय?

तिसरी जागा सर्वांत फसवी. नियम असा आहे की विद्यार्थी गैरहजर असेल, तरच फेरपरीक्षेचे गुण धरायचे. तो हजर होता तेव्हा फंक्शननं ते गुण पाहिलेच नव्हते. पुढे नोंद दुरुस्त होऊन तो गैरहजर ठरला, की उत्तर त्या गुणांवर अवलंबून झालं. म्हणून आधी हजेरी बदलायची, मग फेरपरीक्षेचे गुण बदलायचे, आणि प्रत्येक पायरीला उत्तर ताडून पाहायचं. अवलंबनाची पहिलीच यादी धरून बसलेली यंत्रणा इथे जुनी बेरीज देते, आणि तीच मुलाच्या गुणपत्रिकेवर छापली जाते.

अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रहा’त प्रमेतून, म्हणजे यथार्थ अनुभवातून, झालेल्या स्मृतीला यथार्थ म्हणतात. साठवलेली ती बेरीजही साठवली तेव्हा खरीच होती. पण ‘तेव्हा असं होतं’ एवढंच ती सांगू शकते. ‘आजही असंच आहे’ हे आपण तिच्याकडून वदवून घेतो, आणि त्याची शहानिशा करणं ही आपलीच जबाबदारी आहे.