जिभेचा कर्करोग आणि मानेचा प्रश्न

मद्रास शहरातील अड्यार भागात १९५४ साली ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’ या संस्थेने कर्करोगाचे एक रुग्णालय सुरू केले. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात आरंभी केवळ १२ खाटा होत्या. डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. व्ही. शांता यांनी पुढे तेथे आपले सारे आयुष्य वेचले. १९८२ सालापासून शहरातील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंदही याच संस्थेत ठेवली जाऊ लागली. या शहरातील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत जीभ व तोंड यांच्या कर्करोगांना वरचे स्थान आहे, हे त्या नोंदींवरून दिसून येते. तंबाखू, विडी आणि मद्य यांच्या सवयी पाहता त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

जिभेच्या कडेवर दीड सेंटिमीटरचा, महिनाभर न भरलेला एखादा व्रण घेऊन रुग्ण येतो. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कर्करोगाचे निदान पक्के होते. शल्यचिकित्सक त्याची मान दोन्ही बाजूंनी काळजीपूर्वक चाचपतो, पण हाताला गाठ लागत नाही. भोवतालच्या निरोगी भागाच्या किनारीसह व्रण काढून टाकणे हे काम आज फारसे अवघड राहिलेले नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो मानेचा. वरवर निर्दोष दिसणारी ही मान उघडावी, की तशीच राहू द्यावी?

हा प्रश्न का पडतो, हे समजण्यासाठी लसीका ग्रंथींची थोडी माहिती हवी. ऊतकांतून झिरपणारा लसीका नावाचा द्रव बारीक वाहिन्यांतून वाहतो व वाटेत या ग्रंथींतून गाळला जातो. शरीरातील अशा ग्रंथींपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या मानेत असतात. जिभेत लसीका वाहिन्यांचे जाळे दाट आहे आणि बोलताना व गिळताना जिभेचे स्नायू सतत हालत असतात. त्यामुळे मूळ व्रणापासून सुटलेल्या पेशी लवकर मानेत पोचतात. प्रथम त्या जबड्याखालील आणि मानेच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथींत अडकतात.

अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल याने १९०६ मध्ये मानेतील सर्व ग्रंथी एकसंध काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिच्यात मोठी नीला, मानेचा एक प्रमुख स्नायू आणि खांदा उचलणारी मज्जाही जात असे. रुग्ण वाचला तरी त्याचा खांदा लोंबकळत राही. डोक्यावर पाटी घेणाऱ्या किंवा वरच्या फळीवरून सामान काढणाऱ्या माणसाला ही किंमत लहान नव्हती. पुढे केवळ धोक्याच्या ग्रंथी काढून बाकीचे अवयव राखण्याची पद्धत रूढ झाली. आता सुरुवातीच्या रोगात वरचे तीन विभाग साफ करणे पुरेसे मानतात. तरीही मज्जा हाताळली गेल्याने काही रुग्णांचा खांदा दुखतो व आखडतो. व्यायामोपचार त्यांना नेटाने करावे लागतात.

ज्या रुग्णांच्या मानेत रोग नाहीच, त्यांना ही शस्त्रक्रिया टाळता आली तर किती बरे! म्हणूनच प्रतिमाचित्रणाकडे आशेने पाहिले गेले. सी.टी. स्कॅन क्ष-किरणांच्या साह्याने मानेच्या आडव्या छेदांची चित्रे देतो. एम.आर.आय. मऊ ऊतकांतील भेद अधिक स्पष्ट दाखवतो. सोनोग्राफी स्वस्त आणि किरणोत्सर्गापासून मुक्त असून तिच्या मार्गदर्शनाने संशयित ग्रंथीत सुई घालून पेशीही काढता येतात. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते. ती गोल झाली, एक सेंटिमीटरहून जाड झाली किंवा तिचा मध्यभाग मृत दिसला, म्हणजे संशय बळावतो.

परंतु ही सारी यंत्रे आकार व रचना पाहतात, पेशी पाहत नाहीत. सहा मिलिमीटरच्या ग्रंथीत दोन मिलिमीटरचा रोगाचा ठिपका असेल, तर ती ग्रंथी चित्रात निरोगी ग्रंथीसारखीच दिसते. साखरेचा वापर कोठे वाढला आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनलाही इतका लहान ठिपका बहुधा सापडत नाही. याच्या उलट चूकही होते, आणि आपल्या देशात ती विशेष होते. किडलेले दात, हिरड्यांचे विकार आणि क्षय यांमुळे मानेतील ग्रंथी सुजतात आणि चित्रात कर्करोगाचे सोंग घेतात. तेथे सुईने काढलेल्या पेशी निर्णायक ठरतात. चित्रात संशयित ग्रंथी दिसली तर ती माहिती मोलाची असते. चित्र कोरे आले, म्हणजे मान कोरी आहे असे मात्र म्हणता येत नाही.

मग कोरे चित्र आलेल्या रुग्णाने काय करावे? एक पक्ष म्हणे की, जिभेची शस्त्रक्रिया करून थांबावे, मानेवर लक्ष ठेवावे आणि गाठ दिसल्यास तेव्हा मान उघडावी. दुसरा पक्ष म्हणे की, मान जिभेबरोबरच साफ करावी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८९ साली ७० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पण इतक्या लहान संख्येतून निर्णय लागणे शक्य नव्हते. म्हणून डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे रुग्ण नोंदवून, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यांतील बहुतेकांना जिभेचाच कर्करोग होता. मान लगेच साफ केलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहणाऱ्या गटात ६७.५ टक्के. म्हणजेच अशा दर आठ रुग्णांमागे एकाचा जीव केवळ या निर्णयाने वाचत होता. हाताला निर्दोष लागलेल्या मानांपैकी सुमारे ३० टक्के मानांत तपासणीअंती रोग सापडला. वाट पाहिल्यावर तो उघड होई तेव्हा पुष्कळदा ग्रंथीचे कवच फोडून बाहेर आलेला असे.

वाट पाहण्याची पद्धत आणखी एका गोष्टीवर विसंबून असते: रुग्ण दर महिना-दोन महिन्यांनी परत आला पाहिजे. आंध्रातून अड्यारला येणाऱ्या रुग्णाला प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी सोसून हे करावे लागते. पुस्तकातील वेळापत्रक त्याला पाळता येईलच असे नाही.

याच अभ्यासातून प्रतिमाचित्रणाचे खरे कार्य कोणते, तेही दिसून आले. व्रणाची खोली तीन मिलिमीटरपर्यंत असताना मानेत रोग क्वचितच आढळला. त्यापुढे प्रमाण झपाट्याने वाढले. व्रण किती रुंद आहे यापेक्षा तो किती खोल गेला आहे याला महत्त्व आले, आणि रोगाच्या टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही २०१७ साली खोलीचा समावेश झाला. ही खोली शस्त्रक्रियेपूर्वी एम.आर.आय.ने किंवा तोंडात ठेवलेल्या लहान सोनोग्राफी-शोधकाने मोजता येते. एम.आर.आय.चे माप सूक्ष्मदर्शकाखालील मापापेक्षा थोडे अधिक भरते, कारण कापलेले ऊतक आकसते. तेवढी सूट धरावी लागते. तोंड पुरेसे न उघडणाऱ्या रुग्णात, आणि सुपारीच्या सवयीने ही स्थिती आपल्याकडे वारंवार आढळते, शोधक आत नेणेच कठीण जाते.

अलीकडे मधला मार्गही निघाला आहे. व्रणाभोवती किरणोत्सर्गी द्रव्य टोचून ते प्रथम ज्या ग्रंथीत पोचते, ती प्रहरी ग्रंथी चित्रणाने शोधतात आणि एवढीच काढून तपासतात. तिच्यात रोग असेल तरच मान साफ करतात. फ्रान्समध्ये २०२० साली आणि जपानमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ही पद्धत पूर्ण शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडली नाही. मात्र तिला किरणोत्सर्गी द्रव्याची सोय, त्यात मुरलेला शल्यचिकित्सक आणि ग्रंथीचे शेकडो बारीक काप तपासण्याइतकी सवड असलेला विकृतितज्ज्ञ लागतो. जेथे हे तिन्ही एकत्र मिळत नाहीत, तेथे खोल व्रण असलेल्या रुग्णाच्या मानेचे वरचे तीन विभाग जिभेच्या शस्त्रक्रियेबरोबरच साफ केले जातात.