गावठी कुईचं वजन कुणाचं?

अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या ऊबेला, लसूणघास कुरतडत बसलेला प्राणी म्हणजे आपला गिनिपिग. तिथे त्याचं नाव आवाजावरून पडलं: कुई. आपण त्याला प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून ओळखतो. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरमध्ये तो हजारो वर्षांपासून ताटात आहे. घरोघरी त्याची निगा बहुधा बायकाच राखतात.

गावठी कुई काटक, पण वाढीला मंद. त्यात भर एका जुन्या सवयीची. अंगानं भरलेला प्राणी आधी विकला किंवा शिजवला जातो आणि मागे उरलेल्या लहानखुऱ्यांपासून पुढची वीण होते. लिमातल्या ला मोलिना इथल्या सरकारी कृषी संशोधन केंद्रानं 1960च्या दशकात देशभरातून कुई गोळा केले आणि ही उलटी निवड सुलटी करायला घेतली. त्यातून 2004 साली ‘पेरू’ ही जात जाहीर झाली. तिचे नर-मादी सुमारे दोन महिन्यांत 800 ग्रॅमच्या आसपास भरतात.

निवडीचं गणित साधं आहे. समजा, आठ आठवड्यांच्या कळपाची सरासरी 500 ग्रॅम आहे आणि आपण 600 ग्रॅम सरासरीचे नर-मादी पैदाशीला ठेवले. आनुवंशिकता, म्हणजे वजनातल्या फरकांत वारशाचा वाटा, 0.3 असेल, तर पिल्लांची सरासरी 530 होईल, 600 नव्हे. उरलेले 70 ग्रॅम चाऱ्याचे, गोठ्याचे, नशिबाचे. ते पुढच्या पिढीत उतरत नाहीत.

खरी मेख आईपाशी आहे. कुईची मादी सुमारे 67 दिवस गाभण राहते. पिल्लू केसाळ, उघड्या डोळ्यांचं जन्मतं. एका वितात एकच पिल्लू असेल तर ते जड, चार असतील तर प्रत्येक हलकं. म्हणून जन्माच्या किंवा दूध तोडतानाच्या वजनावर पैदाशीचा नर निवडणं मला घातक वाटतं. तेव्हा काट्यावर पिल्लाइतकीच त्याची आई आणि भावंडंही चढलेली असतात. पिल्लू स्वतःच्या चाऱ्यावर वाढू लागल्यावर तोलावं, आणि वहीत आईबाप व वितातल्या पिल्लांची संख्या लिहावी. वहीशिवायचा काटा फसवतो.

वारसा किती आणि परिस्थिती किती, हा हिशेब मांडायला शास्त्र शिकलं, त्यात गिनिपिगचाही हात आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यात 1906पासून गिनिपिगांची सख्ख्या भावा-बहिणींत पैदास चालू होती. 1915मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ सूअल राइट तिथे आले. 1920च्या लेखात त्यांनी कातडीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा हिशेब केला. मिश्र कळपात फरकांपैकी सुमारे 42 टक्के वारशामुळे निघाले. पिढ्यान्‌पिढ्या आपसात वाढवलेल्या घराण्यात हा वाटा जवळजवळ संपला होता. जनुकं कुठे गेली नव्हती, फक्त सगळ्यांची सारखी झाली होती. आनुवंशिकतेचा आकडा प्राण्याच्या अंगात नसतो, तो कळपातल्या वैविध्याचा असतो.

गावठी कुईचं मोल इथे आहे. त्याचे नाना रंग, नाना बांधे, थंड उंचीवर तगण्याची ताकद, हेच निवडीचं भांडवल. वेगानं वाढणारी एकच जात सगळीकडे पसरली आणि गावठी घराणी विरून गेली, तर उद्या निवडायला काही उरणार नाही. सुधारित नर जरूर आणावा, पण चुलीजवळच्या चार गावठी माद्या वेगळ्या राखून.